एकविसावी उडी

विसापर्यंत मी कुणाचंही काही लागत नाही.
विसापर्यंत दोरी हवेत, मी हवेत,
डिचोलीच्या बसस्टँडमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये
सहाच्या बॅचला पंखे घरघरत असतात, असू देत.
एकविसाव्याला
आत कुठेतरी कडी निसटते.
थोडंसंच. चमचाभर.
पण चमचाभर म्हणजे किती
हे जिचं तिलाच कळतं.

म्हणून बाराही महिने काळी पँट.
म्हणून दुपारी तीननंतर पाणी नाही,
वीज खात्याच्या काउंटरवर ओठ सुकले तरी.
नव्या जागी गेले की डोळे आधी संडास शोधतात,
मग माणसं.
आणि ब्रँडन "जंपिंग जॅक!" म्हणून ओरडला
की नेमकी तेव्हाच
माझ्या बुटाची नाडी सुटते.

आई म्हणायची, बाळंतपणानंतर व्हायचंच ते.
जुन्या लुगड्याची घडी घ्यावी
तसं हे वाक्य तिनं आयुष्यभर वापरलं,
धुऊन, वाळवून, पुन्हा.
मलाही दिलं.

एका गुरुवारी राखाडी मॅटवर
दोन रुपयांच्या नाण्याएवढा काळा ठिपका.
मी बाटली उघडली आणि ओतलीच सगळी.
"अगो, पाणी सांडलं!" मोठ्यानं.
फडकं आलं, हसू आलं, सुटले.

पुढच्याच महिन्यात रोशनी केरकरनं
बाटलीचं झाकण काढलं, बाटली नीट धरली
आणि नीट उलटी केली.
मी बघत होते.
मी बघतेय हे तिनं बघितलं.

नंतर स्कूटरपाशी, चावी शोधायचं निमित्त करत,
"किती वर्सां गो?"
"इकरा. तुका?"
"णव."
आणि आम्ही अशा हसलो
की दोघींनाही पाय आवळून उभं राहावं लागलं.

म्हापशाच्या ग्लेनिस फुर्तादोबाईंनी
हवापाणी विचारावं तसं सगळं विचारलं.
दुसरं मूल किती किलोचं. चिमटा लावलेला का. शिंकेला किती, उडीला किती.
म्हणाल्या, पाणी प्या, तोडू नका.
म्हणाल्या, लघवी मध्येच थांबवल्यासारखं आवळा,
पण फक्त तेवढंच. पोट नाही, मांड्या नाहीत, दात नाहीत.
दात?
"तुम्ही आत्ता दातच आवळलेत."
आणि उडी मारताना श्वास कोंडू नका.
वर जाताना सोडायचा. असा. फू.

फू.
माटोळीखाली आठ-दहा जणी कमरेत वाकून
फू फू फू करत जमीन हादरवायचो
ते हेच की.
तेव्हा काही निसटत नव्हतं.
तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, हेही खरं,
उगाच जुन्या काळाचं शहाणपण काढायला नको.

आता बिलावर शिक्का मारते आणि आवळते.
दहा मोजेपर्यंत धरते, सोडते.
समोरचा माणूस मीटरची तक्रार सांगत असतो,
मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवते.
माझं इतकं लक्ष आपल्याकडे कसं,
याचं त्याला नवल वाटत असावं.

ब्रँडनला शेवटी सांगितलं.
कानापर्यंत लाल झाला बिचारा.
दुसऱ्या दिवशी माझी मॅट दाराजवळ होती,
संडासापासून सहा पावलं,
आणि उड्यांऐवजी बैठका म्हटलं तरी
तो कारण विचारत नाही.

चौदा आठवडे झाले.
परवा छत्तीस झाल्या, कोरड्या.
काल अठराव्यालाच.
ग्लेनिसबाई म्हणतात, पुढच्या वेळी आणखी एक तपासणी करू,
घाई नाही.
मला आहे थोडी.

चवथ तीन आठवड्यांवर.
रोशनीचा फोन: औंदा फुगडीक येतली मगे?
पॅड लावून?
पॅड लावून.
काळी साडी नेसून?
चवथीला काळी कोण नेसतं,
मी हिरवी काढलीय.